एक पूर्ण मिनिट

उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड वॉर्डच्या दरवाजाच्या विरुद्ध बाजूला आलं पाहिजे. नर्सिंगच्या पदवीत मी शिकलेली ही पहिली गोष्ट. ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक घेऊन झालं होतं, युनिफॉर्म शिवायला टाकला होता, बारावी सायन्सचे मार्क अजून मनात ताजे होते, आणि पहिल्या प्रात्यक्षिकाला आम्हाला शिकवत होते पलंग लावायला. मला त्या दिवशी रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढा अभ्यास करून शेवटी चादरी घालायच्या?

आठवडाभर आम्ही पलंगच लावत होतो. रिकामा झाकलेला पलंग वेगळा, नवा पेशंट येणार म्हणून उघडून ठेवलेला वेगळा, ऑपरेशन होऊन येणाऱ्याचा वेगळा. सगळ्यांत अवघड म्हणजे पेशंट पलंगावर झोपलेला असताना त्याच्याखालची चादर बदलणं. खालची चादर, मग मॅकिंटॉश म्हणजे रबरी कापड, त्यावर ड्रॉ-शीट म्हणजे आडवी छोटी चादर, चारी कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. झालं की ट्यूटर मॅडम येऊन चादरीवरून हाताचा पंजा सावकाश फिरवायच्या, आणि कुठे चुणी लागली की सगळं उपसून पुन्हा लावायला सांगायच्या.

त्या चुणीचा अर्थ मला वॉर्डात गेल्यावर कळला. लकवा मारलेला माणूस, स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यात लघवीचा ओलावा. माकडहाडाशी कातडीच्या खाली थेट हाड. चादरीची एक घडी तिथे तासन्‌तास रुतत राहते, तेवढ्या जागेत रक्त पोचत नाही. आधी कातडी लाल होते. ती लाली बोटाने दाबली तरी फिकट होत नसेल, तर आत जखम सुरू झालेली असते. त्यानंतर काही दिवसांत माणसाच्या पाठीला मूठ जाईल एवढा खड्डा पडलेला मी पाहिला आहे. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादर ताणून घ्यायची. हे सगळं नीट केलं तर काय दिसतं? काहीच दिसत नाही. धड कातडी दिसते. नर्सिंगमधलं पुष्कळसं काम असंच असतं. ते चुकलं तर सगळ्या वॉर्डाला दिसतं आणि साधलं तर कोणाच्या नजरेतही भरत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्या तिथल्याच परिचारिका, एका हल्ल्यात मेंदूला इजा झालेल्या. त्यांना त्यांच्या मागच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी सांभाळलं. २०११ साली त्यांच्या दयामरणाच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं या परिचारिकांच्या सेवेचं मुद्दाम कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणात असून अंगावर बेडसोर नाही, ही गोष्ट तेव्हा वर्तमानपत्रांतून आली. लोकांनी ती वाचली आणि पुढच्या बातमीकडे गेले. मी मात्र कागद घेऊन हिशेब करत बसले होते. पुस्तकातला दोन तासांचा नियम धरला, तर दिवसाला बारा वेळा. ४२ वर्षांचे होतात पावणेदोन लाखांच्या वर. त्यांतल्या एकाही वेळेला कुणाचा फोटो निघालेला नाही.

माझ्या आजीला मात्र हे पटत नव्हतं. "लोकांची घाण काढायला एवढं शिकायचं का गं?" असं ती सगळ्यांसमोर विचारायची. तिला मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. आज दिलं असतं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले आजाऱ्यांची सेवा करताना स्वतः प्लेगने गेल्या. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथून विधवा आणि परित्यक्ता बायका नर्सिंगच्या शिक्षणाला गेल्या, तेव्हाही घरोघरी हाच प्रश्न विचारला गेला असणार. आजीचा प्रश्न माझ्या पिढीचा नव्हताच, तो तिला तिच्या सासूकडून आला होता.

आता पदवीचं बोलायचं तर ती चार वर्षांची. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं २०२१ मध्ये अभ्यासक्रम बदलला, त्यामुळे आताच्या मुलामुलींना आठ सेमिस्टर असतात आणि शेवटचं सेमिस्टर अख्खं इंटर्नशिपचं. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन. मग सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पॅथॉलॉजी, मोठ्यांचे आजार, मुलांचे आजार, मनोरुग्णांची शुश्रूषा, गावातलं काम, बाळंतपण, संशोधन, व्यवस्थापन. नव्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यक नर्सिंगही आलं आहे, आणि ते यायलाच हवं होतं. अत्याचार झालेली बाई रुग्णालयात येते तेव्हा तिच्याजवळ सगळ्यांत जास्त वेळ नर्सच असते. तिच्या अंगावरचे कपडे कसे जपून ठेवायचे, तिच्याशी काय बोलायचं आणि काय विचारायचं नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

यादी वाचली की वाटतं, ही थोडी थोडी डॉक्टरकीच आहे. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. तो समज एका सकाळी मोडला. त्या सकाळी मी चूक केली होती, ती जशी घडली तशी सांगते.

दुसऱ्या वर्षाला सर्जरीच्या पुरुष वॉर्डात माझं पोस्टिंग होतं. सकाळची ड्युटी, वीस पेशंटचे टीपीआर माझ्याकडे. ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी मी मोजली, तीही पंधरा सेकंद मोजून चारने गुणून. श्वास मात्र मोजला नाही. आधीच्या पानावर सगळ्यांचे २० लिहिलेले होते, त्याच्या आधीच्याही पानावर २०. मीही वीसच्या वीस जणांपुढे २० लिहून मोकळी झाले. नॉर्मल माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे खोटंही दिसत नाही.

मॅडम राउंडला आल्या. चार्ट चाळला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "या वॉर्डातले सगळे एका तालात श्वास घेतात का?" मग मला नवव्या बेडपाशी घेऊन गेल्या. हर्नियाच्या ऑपरेशनचे आजोबा, दुसरा दिवस. "हात धर. नाडी झाली तरी हात सोडू नकोस. नजर छातीवर. एक पूर्ण मिनिट."

हात का सोडायचा नाही, ते पुस्तकात होतं. माणसाला कळलं की आपला श्वास मोजतायत, की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहत असल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि श्वास मोजायचा. मी परीक्षेत हे वाक्य लिहून मार्क मिळवले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते केलं. मिनिट फार लांब असतं. आधी मला फक्त घोंगडी वरखाली होताना दिसली. मग नाकपुड्या दिसल्या, प्रत्येक श्वासाला फुगणाऱ्या. मग गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जाताना दिसला. मग लक्षात आलं की आजोबा "बरं वाटतंय" हे दोन शब्दसुद्धा सलग म्हणत नाहीयेत. चौतीस भरले.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, एक्स-रे काढला, न्यूमोनिया निघाला. आजोबा पाच-सहा दिवस आयसीयूत राहून वॉर्डात परत आले आणि घरी गेले. शरीर बिघडायला लागलं की इतर आकड्यांच्या आधी पुष्कळदा श्वास वाढतो, हे मी नंतर नीट वाचलं. पण मला जे टोचलं ते वेगळंच होतं. सकाळी आठ वाजता ते असेच धापत होते का? हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं. त्या जागी माझं २० होतं.

मॅडमनी चार्ट पुढे केला. लिहिलेलं खोडायचं असेल तर व्हाइटनर लावायचं नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ, बाजूला सही, हा नियम. मी वीस रेघा मारल्या. "आता काय लिहू?" म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मोजला नाही, असं लिही." वीस ठिकाणी मी ते लिहिलं आणि वीस ठिकाणी सही केली. मग वॉर्डाच्या एका टोकापासून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घेतला. वीस मिनिटं लागतील असं वाटलं होतं, तासाच्या वर गेला. हात धरून कोणी इतका वेळ उभं राहिलं की माणसं बोलायला लागतात, आणि मग थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात आजाऱ्याचं निरीक्षण कसं करावं यावर अख्खं प्रकरण आहे. दिवा हातात घेतलेलं तिचं चित्र प्रत्येक कॉलेजात असतं, शपथविधीला आम्हीही दिवे लावले होते. मला तिचं ते प्रकरण दिव्यापेक्षा मोलाचं वाटतं. दिवा कशासाठी, तर बघण्यासाठी.

या पदवीत हिशेबही बराच असतो, त्यावर फार लिहीत नाही. ५०० मिलीची सलाईन आठ तासांत द्यायची, नळीचा सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? एकवीस. थेंब पडतात त्या चेंबरजवळ घड्याळ धरायचं आणि थेंब मोजत चाक फिरवायचं. औषध कपाटातून काढताना एकदा नाव वाचायचं, भरताना दुसऱ्यांदा, बाटली परत ठेवताना तिसऱ्यांदा. पेशंटला "तुम्हीच अमुक का?" असं कधी विचारायचं नाही, "तुमचं नाव सांगा" म्हणायचं. गुंगीतला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो.

भाषेबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण हे आमच्याकडच्या मुलींच्या वाट्याला येतं आणि याचा उल्लेख कुठल्या अभ्यासक्रमात नसतो. शिकवणं इंग्रजीतून. मी मराठी माध्यमातून आलेली. पहिले सहा महिने रात्री शब्दकोश उशाशी असायचा. हळूहळू इंग्रजी जमलं, नोट्स इंग्रजीत, केअर प्लॅन इंग्रजीत. आणि मग एके दिवशी पोटाच्या दुखण्याची बाई समोर आली, तिला मी कुठे दुखतं ते विचारलं, आणि चार्टवर इंग्रजीत लिहिलं "पेन", म्हणजे दुखतं. त्या एका शब्दात मी तिचं सगळं म्हणणं टाकून दिलं होतं. ती म्हणाली होती, "कळ येते नि जाते." कळ येते-जाते म्हणजे आतली नळी आवळली जाते आहे, खडा असेल, आतडं अडलं असेल. ठणका म्हणाली असती तर पू धरला असेल असा संशय आला असता. चमक निघते ती श्वासाबरोबर किंवा हलल्यावर. जळजळ वेगळी, मुरडा वेगळा, टोचणं वेगळं, नुसतं जड वाटणं वेगळं. परीक्षेत दुखण्याचे प्रकार लिहायला लावतात तेव्हा मुली घोकून घोकून लिहितात, आणि त्यांच्या आयांना ते सगळे प्रकार तोंडपाठ असतात.

बायकांच्या तक्रारी तर आणखी आडून येतात. "अंगावरून जातं" म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि बाजूला सासू उभी असेल तर विचारता येत नाही. "जीव घाबरा होतो" यात हृदयाचा आजार असू शकतो, अंगात रक्त कमी असू शकतं, किंवा घरात नवरा असू शकतो. आता मी ट्यूटर आहे. माझ्या विद्यार्थिनींना सांगते, पेशंटचं वाक्य आधी त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, अवतरणचिन्हात. इंग्रजी नंतर.

शब्द जसेच्या तसे लिहायची ही सवय मला तिसऱ्या वर्षी लागली. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नर्सिंगच्या मुलांची पोस्टिंग तिथे लागते, आमचीही त्यांपैकी एका ठिकाणी लागली. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा प्रकार असतो. एका पेशंटशी बोलायचं, मग खोलीवर येऊन सगळं संभाषण आठवून लिहायचं. एका रकान्यात ती काय म्हणाली, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात मला काय वाटलं. मला चाळिशीच्या एक बाई मिळाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मी घरी कधी जाणार?" मी म्हणाले, "लवकरच जाल ताई, काळजी करू नका." मी तसंच लिहिलं. मॅडमनी त्या ओळीभोवती लाल गोल केला आणि खाली लिहिलं, "तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांना कित्येक वर्षं कोणी भेटायलाही आलं नव्हतं. खोटा दिलासा असं त्याला पुस्तकात म्हणतात, आणि तो का द्यायचा नाही याची कारणंही तिथे दिलेली असतात. पण मला त्या लाल गोलाकडे पाहताना कळलं की तो दिलासा मी त्यांना दिलाच नव्हता, मला तो प्रश्न झेपला नाही म्हणून तो मी स्वतःला दिला होता. दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी परत तेच विचारलं. मी म्हणाले, "मला माहीत नाही, ताई. घरची आठवण येते का?" त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. किती वेळ गेला कोण जाणे, बाकावर आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पाऊस झाला का औंदा?" त्या दिवशीच्या वहीत पहिल्या रकान्यात दोन ओळी, दुसऱ्या रकान्यात दोन ओळी, आणि मधे मोठी मोकळी जागा. मॅडमनी ती जागा तशीच ठेवली होती.

लेबर रूमबद्दल काय लिहू. तिथे हातानं शिकायचं असतं. बाईच्या पोटावर पंजा ठेवून उभं राहायचं, दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि एकेक किती सेकंद टिकली ते मोजायचं. काही दिवसांनी असं होतं की बाई कण्हायच्या आधी हाताला कळतं, पोट घट्ट व्हायला लागलं. फीटोस्कोप लावून बाळाचे ठोके ऐकायचे, तेही पूर्ण मिनिट, आईचीच नाडी ऐकत नाही ना याची खात्री करून. बाळ बाहेर आलं की एका मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला त्याला गुण द्यायचे. रंग, ठोके, प्रतिसाद, हातापायांचा ताठपणा, श्वास. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत मांडली, कागद-पेनाशिवाय करता येईल एवढी साधी. बाळ रडलं की सगळी खोली बाळाकडे बघते. आम्हाला शिकवलं की अशा वेळी एकीनं आईकडे बघायचं. पोटावर हात ठेवायचा. वार पडल्यावर गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं घट्ट लागलं पाहिजे. ते मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, तर आत रक्त वाहतंय. बाळंतिणीचं रक्त वाहायला लागलं की हातात मिनिटंच असतात. पेढे वाटायची घाई बाहेर चाललेली असते, आणि आत एक विशीतली मुलगी पोटावर हात ठेवून चेंडू लागतो का बघत उभी असते.

गावातलं पोस्टिंग मला सगळ्यांत आवडलं. खांद्याला बॅग, घरी गेलं की आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे आणि मगच आतली वस्तू काढायची. एका घरात आजींना तो कागद अपमानाचा वाटला. त्यांनी ठेवणीतली सतरंजी आणून घातली. आम्ही सतरंजीवर कागद घातला, त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, असं दोनदा झालं. शेवटी त्यांना सांगितलं की आमची बॅग दहा घरं फिरून येते, तिची घाण तुमच्या सतरंजीला लागू नये म्हणून हे. तेव्हा त्या हसल्या. तिथे बघायचं ते वेगळं. हंड्यावर झाकण आहे का, पाणी काढायला ओगराळं आहे की तांब्याच बुडवतात, चुलीचा धूर कुठून जातो, सूनबाई कधी जेवतात. मुलाच्या दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरली तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. सूनबाई कधी जेवतात याची पट्टी नसते, ते बसून बघावं लागतं. सगळ्यांचं झाल्यावर, दुपारी तीनला, उरलेलं.

मागच्या आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन मेडिसिनच्या वॉर्डात होते. एकीचं कालच लक्षात आलं होतं, तिच्या चार्टवर ओळीनं २० होते. मी तिला बोलले नाही. पाचव्या बेडवरच्या आजोबांपाशी नेलं आणि म्हणाले, "हात सोडू नकोस, नजर छातीवर." ती उभी राहिली. कपाळावर घाम, ओठ हलत होते. आजोबा कुतूहलानं तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. वॉर्डात नेहमीचा गोंधळ, मावशींची बादली, कोणाचा तरी फोन. तिनं मान वळवली नाही.

तिनं हात खाली ठेवल्यावर आजोबांनी विचारलं, "पोरी, नाडी बघायला इतका वेळ लागतो व्हय?"

"हो आजोबा," ती म्हणाली, आणि लिहायला वळली.